वर आपला माणूस आहे

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये 'वर गेला' असं म्हणायला बंदी होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. लावलेली पाटी होती ती 'एका वेळी सहा माणसे' अशी, आणि तिला कुणी भीक घालत नसे. पण हा न लिहिलेला नियम डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे पाळत, कारण तो मोडला की लिफ्टमामा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबवायचे आणि मोडणाऱ्याची शांतपणे समजूत घालायचे. घाईत असलेल्या माणसाला शांत समजुतीइतकी भीती दुसरी कशाचीच नसते.

नियमामागे कारण होतं. एकदा एक नवा वॉर्डबॉय लागला होता. हर्नियाच्या एका म्हाताऱ्याला त्याने ऑपरेशनसाठी चौथ्या मजल्यावर पोचवलं आणि तो खाली आला. तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा चहा पिऊन परतला. बघतो तर कॉट रिकामी.

"आमचे वडील कुठे आहेत?"

"ते वर गेले," वॉर्डबॉय म्हणाला. "आत्ताच. काही त्रास झाला नाही."

मुलगा जागच्या जागी बसला. मग उठून त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. दोन तासांनी म्हातारा ट्रॉलीवरून गुंगीत खाली आला, तेव्हा तळमजल्यावर तीस माणसं त्याच्यासाठी रडत होती. एक जावई तर फुलंसुद्धा घेऊन आला होता. म्हातारा पुढे सहा वर्षं जगला आणि त्या जावयाशी कधी नीट बोलला नाही.

तेव्हापासून मामांनी ठरवून टाकलं. पेशंट 'चौथ्यावर गेला', 'तिसऱ्यावर गेला' म्हणायचं. आपल्या भाषेत नुसता 'वर गेला' तो परत येत नाही, आणि आपला धंदा माणसं परत आणायचा आहे.

मामा म्हणजे सव्वीस वर्षं त्याच लिफ्टमध्ये स्टुलावर बसलेला माणूस. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार ओढलं की असा खडखडाट व्हायचा की तळमजल्यावरचे रांगेतले लोक दचकून मागे बघायचे. बटणं नव्हती, दांडा होता. तो कधी आणि किती फिरवला म्हणजे लिफ्ट मजल्याच्या बरोबरीने थांबते, हे फक्त मामांना ठाऊक. ट्रॉलीवरच्या पेशंटला धक्का बसला तर मामा दिवसभर स्वतःवर चिडलेले असत. हॉस्पिटलभर सगळे त्यांना मामा म्हणत, आणि कुणी काही थाप मारायला लागलं की ते म्हणत, "मी आधीच मामा आहे, आणखी बनवू नकोस."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. पेशंट चौथ्यावर गेला की खाली नातेवाईक लिफ्टच्या दारासमोर माना वर करून उभे राहत. दाराच्या वर मजल्यांचे आकडे होते, त्यांतला एकेक आकडा पेटायचा. लोक त्या आकड्यांकडे असे बघत, जणू नजर हटली तर चौथ्यावरचं ऑपरेशन बंद पडेल. मामा खाली येऊन दार ओढत आणि म्हणत, "वर बघत उभं राहून लिफ्ट लवकर येत नाही, बाळांनो. औषधं आणायची आहेत ना? मग हला."

तर अशा या शिस्तीच्या माणसाने स्वतःच्या घरात स्वतःचाच नियम मोडला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको एका सकाळी पोट धरून बसली. आतडं फुटलं होतं. तळमजल्यावरून तिला थेट चौथ्यावर न्यायचं ठरलं, आणि ड्यूटी अर्थातच मामांची. बाईंना लिफ्टचा आयुष्यभर धसका. इतकी वर्षं डबा आणून दिला तो तळमजल्यावरच. ट्रॉली आत आली तशी त्या दातओठ आवळून म्हणाल्या, "चौतीस वर्षं झाली लग्नाला. तुमच्या लिफ्टमध्ये आज पहिल्यांदा चढतेय, तीसुद्धा आडवी."

मामांना हसू येईना. त्यांनी दांडा इतक्या हलक्या हाताने फिरवला की लिफ्ट थांबलेली कळलीही नाही. चौथ्यावर सिस्टर वाट बघत होत्या. ट्रॉली बाहेर गेली. मामा दारात, एक पाय बाहेर टाकावा की नको, अशा घोटाळ्यात. नियमाप्रमाणे लिफ्टमनने लिफ्ट सोडायची नसते. तेवढ्यात खालून घंटा वाजली, लांबलचक. कुणाला तरी घाई होती.

"जा," बायको म्हणाली. "घंटा वाजतेय."

ते गेले. आणि बाई पुन्हा त्या लिफ्टने खाली आल्या नाहीत.

घरी नात होती, पाच वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिने विचारलं, "आजी कुठे आहे?" मामांनी बोट छताकडे केलं आणि ते म्हणाले, "आजी वर गेली."

भिंगरीने मान डोलावली आणि ती खेळायला निघून गेली. मोठ्यांना वाटलं, बरं झालं, समजलं पोरीला.

समजलं होतंच. फक्त काय समजलं होतं, ते कळायला दोन वर्षं लागली.

भिंगरी सातची झाली आणि घरात बडबड वाढली. म्हणजे तिची नाही, इतरांची. सगळं दोनदा-तीनदा सांगावं लागे. "दप्तर आण" म्हटलं की ती चप्पल आणायची. आधी सगळ्यांना वाटलं, पोर आगाऊ झाली. मग तिच्या आईने, म्हणजे मामांच्या सुनेने, तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं. पडद्यात एक बारीक नळी बसवायची, अर्ध्या तासाचं काम. पण आणखी लांबवलं तर कान कायमचा अधू होईल आणि शाळेत पोर मागे पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. हे डॉक्टर दुसऱ्या शहरातून दर पंधरवड्याला गुरुवारी येत. नंबर लागला.

त्या गुरुवारी पहिल्या मजल्यावरच्या मुलांच्या वॉर्डात तिला गुंगीचं गोड औषध पाजलं, हिरवा झगा घातला, ट्रॉलीवर झोपवलं. ट्रॉली लिफ्टपाशी आली. मामांनी दार उघडलं आणि ते तोंडभर हसले. "या बाईसाहेब!"

भिंगरीने लिफ्ट बघितली, आजोबांना बघितलं, आणि दोन्ही हातांनी जाळीचं दार असं घट्ट पकडलं की दोन सिस्टरांना सोडवेना.

"मला नाही वर जायचं!"

"अगं, चौथ्यावर जायचंय, वर नाही," मामा सवयीने म्हणाले.

"खोटं! आबा आजीला वर घेऊन गेला आणि तिथेच सोडून आला! एकटाच खाली आला!"

ती ओरडतच राहिली, रडून रडून तिला ताप भरला, आणि डॉक्टर म्हणाले, आज नको. पुढच्या खेपेला बघू. मात्र त्या खेपेनंतर आपण तीन महिने नाही.

मामांनी त्या दिवशी उरलेली ड्यूटी पूर्ण केली. दोनदा लिफ्ट मजल्याच्या वर थांबली, एकदा खाली.

घरी सुनेने चहा पुढे ठेवला. "बाबा, लेकराचं बोलणं मनावर घेऊ नका."

"लेकरू खरं बोललं," मामा म्हणाले. "मी सोडूनच आलो होतो."

पुढचा गुरुवार पंधरा दिवसांनी होता. सुनेने कॅलेंडर बघितलं तर त्याच दिवशी प्रभूचा स्वर्गारोहणाचा दिवस, ईस्टरनंतरचा चाळिसावा. त्याआधीच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी जाहीर केलं की गुरुवारी सकाळी उपासना होईल. मग लहान मुलांना कळावं म्हणून त्यांनी ती हकिगत सोपी करून सांगितली: प्रभू येशू शिष्यांशी बोलता बोलता वर गेला, ढगाआड झाला, आणि शिष्य वर बघत उभे राहिले.

चौथ्या बाकावर भिंगरी आईच्या कानाशी लागली. आपण कुजबुजतो आहोत, असं तिला वाटत होतं. पण ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं, त्याची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत पोचते.

"म्हणजे येशू परत मेला?"

चर्चभर हसू फुटलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही बाळ. त्याला स्वर्गारोहण म्हणतात."

"स्वर्गात राहणं?" भिंगरीने मोठ्याने विचारलं.

पुन्हा हसू. बाहेर पडताना पाळकसाहेबांनी मामांना दारात गाठलं. "मामा, तुमच्या नातीने माझी दांडी उडवली. आता उत्तर तुम्हीच द्या. वर-खाली करणं तुमचा रोजचा उद्योग आहे."

पाळकसाहेब गमतीने म्हणाले आणि विसरले. मामा विसरले नाहीत. सोमवारी स्टुलावर बसून ते त्याचाच विचार करत राहिले. आजपर्यंत या सणाचं त्यांना कधी अप्रूप वाटलं नव्हतं. ख्रिस्तजन्माला आनंद, पुनरुत्थानाला आनंद, ते समजण्यासारखं होतं. पण स्वर्गारोहण? खरं सांगायचं तर मनातून त्यांना तो निरोपाचा दिवस वाटायचा. मेलेला माणूस परत मिळाला, चाळीस दिवस बरोबर जेवला-खाल्ला, आणि पुन्हा गेला. यात गाणी कसली म्हणायची? भिंगरीने जे मोठ्याने विचारलं, ते मामा साठ वर्षं मनातल्या मनात विचारत होते.

मंगळवारी एक बाई नवऱ्याच्या ट्रॉलीसोबत लिफ्टमध्ये शिरली. हातात कागदांची पिशवी, तोंडचं पाणी पळालेलं. दुसरा मजला गेल्यावर तिने हळूच विचारलं, "मामा, वर कुणाशी ओळख आहे का हो तुमची?"

हा प्रश्न मामांना रोज चार वेळा ऐकायला मिळे, आणि उत्तरही ठरलेलं होतं. "आहे ना. तिथल्या मोठ्या सिस्टर आपल्याच. पहिल्या मजल्यावर साध्या सिस्टर होत्या तेव्हापासून ओळखतो. त्या स्वतःही एकदा याच ट्रॉलीवर गेल्या होत्या, पित्ताशयासाठी. त्यांना सगळं ठाऊक आहे. मी सांगतो त्यांना. घाबरू नका, वर आपला माणूस आहे."

बाईचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याचं दुखणं तेवढंच होतं, ऑपरेशन तेवढंच अवघड होतं, तरी तिचे खांदे खाली आले.

आणि दांडा फिरवता फिरवता मामांचा हात थांबला. लिफ्ट तिसऱ्याच्या वर, चौथ्याच्या खाली अडकली.

"काय झालं?" बाई घाबरली.

"काही नाही. मला एक गोष्ट समजली," मामा म्हणाले आणि त्यांनी लिफ्ट पुढे नेली.

समजलं ते असं. प्रभू गेला तो सोडून गेला नाही, आपल्यासाठी पुढे गेला. आणि जाताना काय घेऊन गेला? हे शरीर. हातांवरचे व्रण. पुसून गेला नाही, तसेच घेऊन गेला. ज्याला दुखणं म्हणजे काय ते ठाऊक आहे, जो भुकेला राहिला, रडला, ज्याने मार खाल्ला, तो आता सगळ्यांत वर, बापाच्या उजव्या हाताला बसला आहे आणि खालच्यांसाठी शब्द टाकतो आहे. लोक नाक मुठीत धरून जन्मभर शोधतात ती हीच ओळख. आणि ती आपल्याला आहे, आयती, चिठ्ठीचपाटीवाचून. मग यावर गाणी म्हणायची नाहीत तर कशावर?

मामांनी त्या दिवशी गाणं म्हटलंही. दुसऱ्या ते तिसऱ्या मजल्याच्या दरम्यान. सूर वाईट होता. लिफ्टमधले दोन शिकाऊ डॉक्टर जिन्याने पुढे गेले.

बुधवारी दुपारी ड्यूटी संपल्यावर ते भिंगरीला घेऊन हॉस्पिटलमध्ये आले. लिफ्टकडे गेलेच नाहीत.

"चल, जिन्याने चौथ्यावर जाऊ," ते तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले.

"तुला दम लागेल, आबा."

"लागू दे."

तो लागलाच. दुसऱ्या मजल्यावर एकदा आणि तिसऱ्यावर दोनदा ते कठडा धरून थांबले. भिंगरी वर जायची, खाली यायची, पुन्हा वर जायची. चौथ्यावर पोचल्यावर मामा दाराशी क्षणभर घुटमळले. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो माणसं इथे आणली होती. स्वतः मात्र कधीच बाहेर उतरले नव्हते.

भिंगरीने त्यांचं बोट ओढलं. "ये ना."

चौथा मजला म्हणजे काही फार नव्हता. एक लांब, धुतलेला व्हरांडा. मोठी खिडकी, तिच्यात औषधांच्या रिकाम्या डब्यांत लावलेली तुळतुळीत पानांची रोपं. एक बाक. भिंतीवर घड्याळ, पाच मिनिटं पुढे. टेबलाशी मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"अरे वा! मामा! आज लिफ्ट सोडून माणसांत आलात?"

"ही माझी नात. उद्याची पेशंट. म्हटलं, वर काय असतं ते हिला दाखवावं."

भिंगरीने सगळीकडे बघितलं. बाकाखालीसुद्धा. मग ती सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "आजी कुठे आहे? आबा तिला इथे सोडून आला होता."

सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिला उचलून टेबलावर बसवलं आणि त्या तिला ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश बोलल्या.

"सोडून नाही गं. आजोबांनी आजीला माझ्या हातात दिलं. हा हात बघ. आत जाईपर्यंत आणि गेल्यावरही तिने हाच हात धरला होता. लिफ्ट खाली गेली ना, तेव्हा खडखड आवाज आला. आजी म्हणाली, 'हं, गेले कामाला. बरं झालं, नाहीतर इथे रडत बसले असते.' मग हसली. मग आम्ही दोघींनी प्रार्थना केली. ती एकटी नव्हती."

मामा खिडकीकडे तोंड करून रोपांची पानं पुसायला लागले. पानं स्वच्छच होती.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," ते पाठमोरेच म्हणाले.

"तुम्ही कधी उतरलातच नाही, मामा. दार उघडायचं, ट्रॉली ढकलायची, दार बंद. मी काय जाळीतून सांगणार?"

भिंगरी अजून समाधानी नव्हती. "मग आता आजी कुठे आहे?"

मामा तिच्याजवळ येऊन वाकले. "इथून पुढे. माझी लिफ्ट जात नाही, तिथे."

"तिथे कोण आहे?"

"येशू आहे. तो आधीच जाऊन बसलाय. तू विचारलंस ना, तो परत मेला का? नाही. तो जिवंत गेला, आपल्या सगळ्यांसाठी जागा करायला. आजीला पुढे त्याच्या हातात दिलं, या सिस्टरांच्या हातात दिलं होतं तसंच. तो आपलाच माणूस आहे."

"त्याची न् आपली ओळख आहे?"

"पक्की."

"तू त्याला ओळखतोस, की तो तुला ओळखतो?"

मोठ्या सिस्टर हसल्या. मामांनी जरा विचार केला. "तोच मला. माझ्या ओळखीचा काही भरवसा नाही."

भिंगरीने एक पान तोडू का म्हणून विचारलं, सिस्टर नाही म्हणाल्या, आणि ती उड्या मारत जिन्याकडे निघाली. लिफ्टने खाली यायला मात्र अजूनही तयार नव्हती.

गुरुवारी सकाळी चर्चची घंटा हॉस्पिटलपर्यंत ऐकू आली. जन्मात पहिल्यांदा मामा त्या उपासनेला नव्हते. पहिल्या मजल्यावर दार उघडून उभे होते. ट्रॉली येताना दिसली. हिरवा झगा, बाजूला सून, तिचे ओठ पांढरे पडलेले. भिंगरीचे डोळे गुंगीने मिटायला आले होते. जाळीच्या दारापाशी तिचा हात उठला. तिने जाळी पकडली.

"आबा, चौथ्यावर त्या सिस्टर आहेत?"

"आहेत. वाट बघतायत."

"तू खाली जाणार?"

मामांना खोटं बोलता आलं असतं. सून तशी खूणही करत होती. "हो," ते म्हणाले. "घंटा वाजली की जाणार. पण तू आपल्या माणसाच्या हातात असशील."

भिंगरीने थोडा वेळ विचार केला. मग जाळी सोडली.

लिफ्ट इतकी अलगद चढली की सुनेला मजले कळले नाहीत. चौथ्यावर मोठ्या सिस्टर हात पुढे करून उभ्या होत्या. भिंगरीने तो धरला. ट्रॉली वळताना ती अर्धवट झोपेत म्हणाली, "आबा, वर बघत उभा राहू नकोस. त्याने लिफ्ट लवकर येत नाही."

खालून घंटा वाजली.

मामा गेले. तळमजल्यावर माणसं चढली, उतरली. त्यांची नजर सारखी छताकडे जाई. आणि गेली की त्यांना आपलंच वाक्य सात वर्षांच्या तोंडून ऐकू येई. मग ते नजर खाली आणत आणि समोर असेल त्याची पिशवी धरत, कुणाच्या म्हातारीला स्टूल देत. एका घाबरलेल्या पोराला त्यांनी सांगितलं, "वर आपला माणूस आहे," आणि आज ते सांगताना त्यांच्या मनात दोन माणसं होती.

दीड तासाने चौथ्याची घंटा वाजली. दार उघडलं. ट्रॉलीवर भिंगरी, दोन्ही कानांत कापूस, चेहरा आंबट. मामांनी दार ओढलं. खड, खड, खड, खाड!

भिंगरीने दोन्ही हात कानांवर घेतले. "ई! आबा! किती ओरडते तुझी लिफ्ट!"

सून तोंडाला पदर लावून रडायला लागली. सव्वीस वर्षांत त्या दाराबद्दल शेकडो तक्रारी आल्या होत्या. मामांनी एकीलाही इतक्या आनंदाने होकार दिला नव्हता.

"हो गं राणी. तेल घालतो. आजच घालतो."

दुपारी पाळकसाहेब आजाऱ्यांना भेटायला आले. मामांनी त्यांना पहिल्या ते तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि उरलेलं राहू नये म्हणून लिफ्ट जरा मधे थांबवली. रविवारी पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले. "बंधुभगिनींनो, प्रभू वर गेला असं आपण म्हणतो. मी मात्र म्हणेन, वर आपला माणूस आहे." मग हातांवरचे व्रण आले, ओळख आली, वर बघत उभं न राहणं आलं. सगळं आलं, मामा तेवढे आले नाहीत.

मामांना त्याचं काही नव्हतं. मिटल्या डोळ्यांनी ते आभार मानत होते. बायकोचे, सिस्टरांचे, डॉक्टरांचे, आणि मुख्य आभार ज्याचे, त्याचे. तेवढ्यात चौथ्या बाकावर, त्यांच्या शेजारूनच, आवाज आला.

"आबा! हे तर सगळं तूच सांगितलं होतंस!"

"शू! हळू बोल," मामा कुजबुजले. "सगळ्यांना ऐकू येतं."

"मलाही येतं," भिंगरी कुजबुजली. या वेळी खरोखरच हळू.